५२ लाख पाकिटं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत टपालाने मत देणाऱ्या प्रत्येकाला आपली मतपत्रिका दोन पाकिटांत घालावी लागली. आतलं पाकीट कोरं, मत गुप्त राहावं म्हणून. बाहेरच्यावर सही आणि तारीख. अशी मतं आली साधारण २६ लाख, म्हणजे पाकिटं झाली ५२ लाख. आणि मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत त्यातलं एकही फोडायचं नाही, असा राज्याचा कायदा होता. ३ नोव्हेंबरच्या मंगळवारपासून शनिवारपर्यंत अख्खं जग आमच्या राज्याकडे डोळे लावून बसलं, त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हे एवढंच होतं. भारतातून कोणीही फोन केला की अजूनही विचारतात, "तुमच्याकडे मोजायला इतके दिवस का लागले गं?" फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला चेस्टर काउंटीत आम्ही राहतो. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरची ती माझी पहिली अध्यक्षीय निवडणूक. रांगेत उभं राहून मत द्यायची फार इच्छा होती, पण सासूबाई आमच्याकडे होत्या, त्यांना दम्याचा त्रास, आणि कोरोना तेव्हा पुन्हा वाढत होता. म्हणून टपालाने मतपत्रिका मागवली. सप्टेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की आतल्या कोऱ्या पाकिटाशिवाय आलेली मतपत्रिका बाद होईल. अशा बिनपाकिटाच्या मतपत्रिकांना इथे 'नेकेड बॅलट' म्हणायचे, आणि त्यामुळे राज्यभरात लाखभर मतं बाद होतील, अशी भीती फिलाडेल्फियाच्या निवडणूक अधिकाऱ्यांनीच जाहीरपणे बोलून दाखवली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका भरली, आतलं पाकीट चिकटवलं, मग बाहेरचं, आणि सहीखाली तारीख टाकली. मग ते पाकीट टपालपेटीत न टाकता थेट काउंटीच्या पेटीत नेऊन टाकलं, कारण त्या दिवसांत टपाल फार रेंगाळत होतं.

हे टपालाचं मतदान आमच्याकडे नवंच होतं. २०१९च्या ऑक्टोबरअखेर राज्याने कायदा केला की कारण न देता कोणालाही टपालाने मत देता येईल. रिपब्लिकनांचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने तो मंजूर केला आणि डेमोक्रॅट राज्यपाल टॉम वुल्फ यांनी त्यावर सही केली. दोन्ही पक्षांचं ते लेकरू होतं. तेव्हा कोरोनाचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. २०१६ साली अशी मतं पावणेतीन लाखांच्या आत होती, चार वर्षांनी ती दहापट झाली. मतदानाच्या दिवसाआधी पाकिटं फोडायची नाहीत, हा नियम मात्र होता तिथेच राहिला. काउंटीचे अधिकारी उन्हाळ्यापासून सांगत होते, विनवत होते, की आम्हाला आधीचे थोडे दिवस द्या, नाहीतर निकाल लांबेल आणि लोक संशय घेतील. विधिमंडळ आणि राज्यपाल यांचं त्यावर जमलं नाही. दोघांनीही आपापल्या इतर मागण्या त्याला बांधल्या आणि सगळंच अडकलं. माझा राग या एका गोष्टीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. आधीच माहीत होतं!

फ्लोरिडाकडे पाहिलं की हे जास्त खुपतं. २००० साली बुश आणि गोर यांच्यात तिथे ५३७ मतांचा फरक होता आणि ३६ दिवस देश लटकला होता. त्यानंतर त्या राज्याने आपली यंत्रणा बदलली. तिथे टपालाची पाकिटं कित्येक दिवस आधीपासून फोडता येतात, सह्या तपासून मतपत्रिका यंत्रातून घालून ठेवता येतात, आणि आकडा मात्र मतदान संपल्यावरच बाहेर पडतो. म्हणून २०२०मध्ये फ्लोरिडाचा निकाल त्याच रात्री लागला. आमच्याकडे काही काउंट्यांनी तर मंगळवारी बूथ सांभाळायलाच माणसं पुरत नाहीत म्हणून पाकिटांना बुधवारी सकाळी हात लावला.

मंगळवारी रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मुलीला शाळेतून राज्यांचा कोरा नकाशा दिला होता, निकाल लागेल तसा रंगवायचा, रिपब्लिकन ट्रम्प यांचं राज्य लाल, डेमोक्रॅट बायडन यांचं निळं. एकेक राज्य भरत गेलं. आमचं राज्य पांढरं. शेजारचं ओहायो लाल झालं, न्यू जर्सी निळं झालं, आमचं पांढरंच. पेनसिल्व्हेनियाच्या आकड्यांत ट्रम्प पुढे होते, आणि थोडेथोडके नाही, बुधवारी पहाटेपर्यंत साडेसहा लाखांच्या वर. आधी मोजली गेली ती बहुतेक प्रत्यक्ष बूथवर जाऊन दिलेली मतं. ट्रम्प महिनोन्‌महिने सांगत होते की टपालाच्या मतावर विश्वास ठेवू नका, म्हणून त्यांचे मतदार बूथवर गेले. डेमोक्रॅट मतदारांनी टपाल पसंत केलं. टपालाच्या दर चार मतांतली तीन बायडन यांची होती. म्हणजे पहिल्या रात्री दिसणारी आघाडी टिकणारी नाही, हे मतदानाच्या कितीतरी आधीपासून अभ्यासक सांगत होते. पण सांगितलेलं ऐकणं वेगळं आणि पडद्यावर साडेसहा लाखांची आघाडी डोळ्यांनी बघणं वेगळं. पहाटे अडीचच्या सुमारास ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये उभे राहून म्हणाले की आपण जिंकलो आहोत, आता मोजणी थांबायला हवी. मी जागीच होते. माझं पाकीट तेव्हा फुटलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. "मोजणी थांबवा" म्हणजे कदाचित माझंही मत मोजू नका. त्या क्षणी पोटात खड्डा पडला. माझ्या मताने इकडचं जग तिकडे होणार होतं असं नाही, पण ते मोजायचं की नाही हे ठरवणारा उमेदवार कोण?

बुधवारी सकाळी बाबांचा फोन आला. तिकडे सांगलीत संध्याकाळ झालेली, चहा घेऊन ते बातम्या लावून बसलेले. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, आणि शिक्षकाच्या नशिबी निवडणुकीची ड्यूटी ठरलेलीच. मतदानाची केली, मोजणीचीही केली, तीही यंत्रं येण्याआधीच्या काळात. मला वाटलं होतं ते म्हणतील, अमेरिकेला एवढं जमू नये? ते म्हणाले, "घाई करू नको म्हणावं त्यांना. कागद मोजायचा म्हणजे वेळ लागतोच."

मग त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. पेट्या उघडायच्या. वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायच्या, म्हणजे कुठल्या वस्तीने कोणाला मत दिलं ते कळू नये. पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या बांधायच्या, हजाराची चळत करून टेबलावर द्यायची. मग एकेक मतपत्रिका उलगडून शिक्का कोणाच्या चिन्हावर आहे ते बघायचं. मतपत्रिका आडवी दुमडली असेल तर ओल्या शाईचा ठसा दुसऱ्या चिन्हावर उमटलेला असायचा, मग मूळ शिक्का कोणता आणि उमटलेला कोणता, यावरून जाळीपलीकडचे प्रतिनिधी हमरीतुमरीवर यायचे. संशयास्पद मतपत्रिका बाजूला काढून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पाठवायच्या. रात्रभर, मग दुसरा दिवस, कधी दुसरी रात्र. "डोळे चुरचुरायचे, पण कोणी 'थांबवा' म्हटलेलं आठवत नाही मला," बाबा म्हणाले. "फेरमोजणी मागायचे. थांबवा कोणी म्हणायचं नाही. पुन्हा मोजा म्हणायचे."

हे वाक्य मी तेव्हापासून कितीजणांना सांगितलं असेल.

बुधवार आणि गुरुवार आमच्या घरात कामाचे दिवस होते खरे, पण काम कोणाचं झालं नसेल. दिवाळी दीड आठवड्यावर, १४ तारखेला लक्ष्मीपूजन. सासूबाईंनी चकलीची भाजणी भाजायला काढली होती, वास घरभर. एका कोपऱ्यात मुलीची ऑनलाइन शाळा, दुसऱ्यात नवऱ्याच्या मीटिंगा, आणि माझ्या लॅपटॉपच्या एका खिडकीत फिलाडेल्फियाच्या कन्व्हेन्शन सेंटरमधलं थेट प्रक्षेपण. शहराच्या निवडणूक आयुक्तांनी मोजणीच्या दालनात कॅमेरे लावून ते सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. बघण्यासारखं त्यात तसं काहीच नव्हतं. लांबच लांब टेबलं, खोकी, तोंडावर मास्क लावलेली माणसं. पाकिटं कापणारी यंत्रं. बाहेरचं पाकीट कापायचं, आतलं काढायचं, ते कापायचं, मतपत्रिका काढायची, घडी मोडून सपाट करायची, मग वाचणाऱ्या यंत्रात घालायची. एकट्या फिलाडेल्फियात अशी साडेतीन लाखांच्या आसपास मतं. मी ते तासन्‌तास बघितलं. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यासुद्धा मध्ये मध्ये येऊन बघायच्या. "ही बाई मघापासून उठली नाही गं," एकदा म्हणाल्या. कोण होती ती बाई, देव जाणे. तिचे हात मला अजून आठवतात.

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, ट्रम्प यांचे कट्टर समर्थक, निवृत्त यंत्रकारागीर. बर्फ पडला की आमच्या दारातलं बर्फ न सांगता ओढून टाकणारे. गुरुवारी संध्याकाळी पाला झाडताना भेटले. त्यांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, रात्री झोपलो तेव्हा आम्ही इतके पुढे होतो, उठल्यापासून दर तासाला कमी होतंय, ही मतं येतात कुठून? मी जे इथे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. दोन पाकिटं, सात वाजताचा नियम, कोणी टपालाने दिलं आणि कोणी बूथवर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, मग तोच नियम ठेवला कोणी आणि का? त्यावर माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण त्यांचं समाधान करणारं नव्हतं. त्यांना वाटत होतं की नियम मुद्दाम तसा ठेवला असणार. आजही त्यांना तसंच वाटतं. माणूस सज्जन आहे, मुद्दाम खोटं बोलणाऱ्यांतला नाही. म्हणून तर मला तो उशीर इतका महाग पडला असं वाटतं. मोजणी चोख होती. पण चोख मोजणी पाच दिवस डोळ्यांसमोर रेंगाळली, आणि त्या पाच दिवसांत ज्याला संशय पेरायचा होता त्याने मनसोक्त पेरला.

मोजणीचे निरीक्षक किती अंतरावर उभे राहणार, यावरून त्याच दिवशी न्यायालयात धाव घेतली गेली होती. सहा फुटांपर्यंत जवळ जाऊ द्या, असा आदेश झाला, आणि कॅमेऱ्यात अडथळ्याचे कठडे पुढे सरकवलेले आम्ही पाहिले. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असलेली पण शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंत पोचलेली मतंही धरायची, असं राज्याच्या न्यायालयाने म्हटलं होतं. त्यावरही वाद, म्हणून ती वेगळ्या ढिगात. राज्यभरात ती भरली दहा हजारांच्या आसपास, म्हणजे निकाल फिरवण्याइतकी नव्हतीच. पण तेव्हा रात्रंदिवस चर्चा त्यांचीच.

शुक्रवारी पहाटे आधी जॉर्जियात बायडन पुढे गेले, क्लेटन काउंटीच्या मतांवर. जुलैमध्ये वारलेले नागरी हक्क चळवळीतले नेते आणि खासदार जॉन लुइस यांच्या मतदारसंघात या काउंटीचा भाग यायचा. मताच्या हक्कासाठी ज्या माणसाने सेल्मामध्ये डोकं फोडून घेतलं, त्याच्या भागातल्या मतांनी पारडं फिरावं, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सकाळी नऊच्या आत फिलाडेल्फियाचा आणखी एक गठ्ठा आला आणि आमच्याही राज्यात बायडन पुढे गेले. तरी कोणी निकाल सांगेना. अमेरिकेत आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही, की ज्याच्या संकेतस्थळावर फेरीमागून फेरी आकडे पडावेत आणि शेवटी प्रमाणपत्र हातात घेतलेला विजयी उमेदवार दिसावा. पेनसिल्व्हेनियात ६७ काउंट्या, प्रत्येकीची मोजणी तिची तिची. राज्य रीतसर प्रमाणित करतं ते आठवड्यांनी. मधल्या काळात लोक मानतात ते वृत्तसंस्थांचं गणित. असोसिएटेड प्रेस हे काम १८४८ पासून करते आहे. आता उरलेल्या मतांत मागचा माणूस पुढे जाऊच शकत नाही, अशी खात्री झाली की ते नाव घेतात. बाबांना हे काही केल्या पटेना. "वर्तमानपत्र निकाल लावतं?" मी म्हटलं, लावत नाही हो, सांगतं. "मग लावतं कोण?" काउंटीतली माणसं, बाबा. तुमच्यासारखीच.

शनिवारी साडेअकराच्या जरा आधी नाव घेतलं गेलं. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या प्रतिनिधी-मतांवर; पेनसिल्व्हेनियाची अशी २० मतं बायडन यांच्या खात्यात, आणि जिंकायला लागणारा २७०चा आकडा पार. त्यांचा जन्म आमच्याच राज्यातल्या स्क्रँटनचा. फिलाडेल्फियात लोक रस्त्यावर येऊन नाचले. आमच्या गल्लीत मात्र शुकशुकाट होता. मुलीने नकाशातलं पेनसिल्व्हेनिया निळं केलं आणि शाळेत पाठवून दिलं. शेवटचा अधिकृत फरक ८०,५५५ मतांचा, जवळपास ६९ लाख मतांत. चार वर्षांपूर्वी ट्रम्प इथे ४४,२९२ मतांनी जिंकले होते. तेव्हाही फरक बारीकच होता, पण रात्रीत कळला.

बाबांचं त्या आठवड्यात दुहेरी चाललं होतं. योगायोग असा की बिहारच्या विधानसभेचं मतदानही ३ आणि ७ नोव्हेंबरला होतं. १० तारखेला तिथली मोजणी सुरू झाली ती मध्यरात्र उलटून गेली तरी संपेना, कारण कोरोनामुळे मतदान केंद्रं खूप वाढवली होती. यंत्रं वाढली म्हणून फेऱ्या वाढल्या. हिलसा मतदारसंघात शेवटी फरक निघाला १२ मतांचा. बाबांचा मेसेज आला, फक्त "१२". मी परत पाठवलं, "पुन्हा मोजा म्हणाले का?"

इकडे जॉर्जियाने तर जवळजवळ ५० लाख मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या, मग आणखी एकदा यंत्राने. फरक ११,७७९ राहिला. जिंकणारा तोच राहिला. फिलाडेल्फियाचे एक निवडणूक आयुक्त अल श्मिट स्वतः रिपब्लिकन. मोजणीत गैरप्रकार नाही, असं ते ठामपणे सांगत राहिले म्हणून ट्रम्प यांनी जाहीरपणे त्यांचं नाव घेतलं, आणि त्यानंतर त्यांच्या बायकामुलांपर्यंत धमक्या पोचल्या. पाकिटं फोडणाऱ्या, कागद सपाट करणाऱ्या कारकुनांनाही लोकांनी सोडलं नाही. २०२३मध्ये श्मिट राज्याचे सचिव झाले, म्हणजे निवडणुकांचं खातंच त्यांच्याकडे आलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

गेल्या डिसेंबरात हे सगळं पुन्हा वर आलं. महाराष्ट्रात नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ला झालं, मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती २१ तारखेवर गेली, कारण काही ठिकाणचं मतदान पुढे ढकललं होतं आणि सगळ्यांचा निकाल एकदम लागावा असं ठरलं. माझा भाऊ एका उमेदवाराचा कार्यकर्ता. रोज त्याचा फोन. यंत्रं सीलबंद, बाहेर पोलीस, कॅमेरे, तरी याची मुलं पाळीपाळीने रात्री गोदामाबाहेर थंडीत बसलेली. मी त्याला म्हटलं, बसा, चांगलं आहे, पण तिथून उठून गावात काहीबाही बोलू नका. तो चिडला. "तुला काय जातंय तिकडे बसून सांगायला?" मला काय जातं ते मी त्याला सांगितलं, पाला झाडताना भेटलेल्या माझ्या शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. ऐकून गप्प झाला. पटलं की नाही, माहीत नाही. निकाल लागला, त्याचा उमेदवार पडला, आणि तो फक्त म्हणाला की फरक मोठा होता, बरं झालं.

आमच्या राज्यात २०२२ साली एक सुधारणा झाली. काउंट्यांना सरकारने निवडणुकीसाठी पैसे दिले, आणि अट घातली की सकाळी सातला सुरू केलेली मोजणी न थांबता पूर्ण करायची. त्याचा उपयोग झाला. टपालाची मतंही कमी झाली होती, आणि २०२४मध्ये पेनसिल्व्हेनियाचा कल पहाटेपर्यंत कळला. पण सात वाजताची रेघ त्याही निवडणुकीत होती तिथेच होती. पुढची चुरशीची निवडणूक आली, पाकिटं पुन्हा वाढली, की हेच होणार.

म्हणून मी दर हिवाळ्यात आमच्या राज्य प्रतिनिधींना आणि राज्य सिनेटरांना पत्र लिहिते. पत्र एका पानाचं आहे. मागणी एकच: पाकिटं फोडायला मतदानाआधी सात दिवस द्या, सह्या आणि तारखा तेव्हाच तपासू द्या, आणि आकडा मात्र मंगळवारी रात्री आठला बूथ बंद झाल्यावरच बाहेर येऊ द्या. या वर्षी त्यावर माझ्या त्या शेजाऱ्यांचीही सही आहे. २०२०बद्दल आमचं एकमत झालेलं नाही, पण उशीर नको यावर झालं. पेनसिल्व्हेनियातल्या ज्या मराठी घरांना हे पत्र पाठवायचं असेल त्यांना मी मसुदा देईन. नाव आणि जिल्हा बदलायचा आणि अर्थसंकल्पाच्या धामधुमीत ते कागदाखाली दबायच्या आत पाठवायचं.